सिस्टर, जरा बाहेर बसा

फहमिदावर लिही असं मला कुणी सांगितलं नाही. उलट तीच म्हणाली, "नक्को लिखो बाई, झालं ते झालं." झालं ते झालं म्हणत गेल्यामुळंच या शहरात काही लोकांचं फावलंय. म्हणून लिहिते.

फहमिदा बजाजनगरात राहते. नवरा इलियास कंपनीच्या बसवर ड्रायव्हर आहे. ती लोकांच्या घरी जाऊन आजारी माणसं सांभाळते. माणूस जिवंत असेपर्यंत लोक तिला सिस्टर म्हणतात, तो गेला की 'ती बाई' म्हणतात. तिचे वडील करीमभाई वाळूजच्या कारखान्यात प्रेस मशीनवर कामाला होते. कंबर मोडून ते अंथरुणाला खिळले तेव्हा ही शाळेत होती. पडून असलेल्या माणसाला पाठीवर जखम होऊ नये म्हणून कसं वळवायचं, हे ती बापाच्याच अंगावर शिकली. पुढं नर्सिंगचा कोर्स केला, दवाखान्यात नोकरी केली, आणि ती सोडून घरच्या कामाला लागली. का, विचारलं तर म्हणाली, "दवाखान्यात मशीनच बोलते हो. घरात पेशंट निदान शिव्या तरी देतो."

तोंडाची ती गरीब नाही. सुईला घाबरणाऱ्या एका फौजदाराला तिनं, "साहेब, तो बघा चोर चाललाय," म्हणून खिडकीकडं बघायला लावलं आणि तेवढ्यात इंजेक्शन देऊन मोकळी झाली. अशा बाईला गप्प बसवायला काय लागतं, ते ऐका.

सिडकोतलं एक घर. मूळचे करमाडचे जमीनदार, आता शहरात बंगला. घरातले थोरले तात्यासाहेब. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, गिळणंही गेलं. नाकातून नळी. पेज, दूध, औषध, सगळं त्या नळीतून. तोंडातून पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, कारण तो पोटात न जाता फुप्फुसात जातो. फहमिदानं ते घरातल्या सगळ्यांना बजावलं होतं. मुलगा अंबादास, सरकारी कचेरीत साहेब, त्यालाही आणि त्याच्या बायकोलाही. त्यांनी माना डोलावल्या. पेशंटकडं परत कोण बघतंय! लघवीची पिशवी, पाठ पुसणं, नखं काढणं, दाढी, सगळं फहमिदानं बघायचं. तात्यासाहेब रागावले की डाव्या हातानं तिच्या ओढणीला हिसका द्यायचे. ती म्हणायची, "खेचा, खेचा. अजून ताकद आहे म्हंजे."

दिवाळी आली. भाऊबीजेला करमाडहून सरूबाई आली. ही तात्यासाहेबांची धाकटी बहीण, घरात सगळ्यांची आत्या. विधवा बाई, शेतात राबलेली, आवाज असा की गल्लीला कळावं. फहमिदाला ती आवडायची. त्या घरात आल्याबरोबर "जेवलीस का गं?" असं विचारणारी तेवढी एकच.

ओवाळायची तयारी झाली. परदेशातल्या नातवाला फोनवर दाखवायचं होतं, फोटो काढायचे होते. सूनबाई म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही जरा बाहेर बसा. घरातलं आहे."

घरातलं आहे! त्या माणसाचं हगणं-मुतणं घरातलं नव्हतं वाटतं. ते बाहेरच्या बाईनं उपसायचं, आणि ताट-निरांजन आलं की ते घरातलं. कुणी म्हणेल, तिच्या नावामुळं बाहेर काढलं असेल. मलाही तसंच वाटलं, म्हणून विचारलं. तर म्हणाली, "नाय बाई. माझ्या आधी चतुराबाई होत्या तिथं, त्यांनाबी असंच बाहेर काढायचे. फोटोत पांढरा कोट नको त्यांना." चतुराबाई म्हणजे आमच्या घरोघरी जाणाऱ्या सिस्टरांच्या संघटनेतलीच एक. म्हणजे हा त्या घराचा रिवाजच.

फहमिदा जिन्यावर जाऊन बसली. आत काय झालं ते पुढं सरूबाईकडूनच कळलं. तिनं भावाला कुंकू लावलं, ओवाळलं. ओवाळलं की बहीण भावाचं तोंड गोड करते. आपल्याकडं त्याशिवाय ओवाळणं पुरं होत नाही. ताटात करंजी होती. तात्यासाहेबांची नजर ताटावर गेली, तोंड थोडं उघडलं. सरूबाईच्या काळजात कालवलं. तिनं करंजी मोडली, सारणाची चिमूट भावाच्या जिभेवर ठेवली, मग अजून एक. नळीनं काय चव कळते माणसाला, ती म्हणाली. अंबादास समोर उभा होता. सूनबाई फोन धरून उभ्या होत्या. पलीकडून नातू 'सो स्वीट' म्हणाला. तात्यासाहेब थोडं खोकले. अंबादासनं आत्याला अंधार पडायच्या आत घरी पोचवायला गाडीत बसवलं.

मग सिस्टरला आत बोलावलं. तिला दारातूनच श्वासाची घरघर ऐकू आली. गालात बोट घातलं तर करंजीतलं भिजलेलं खोबरं. तिनं मशीन लावून जमेल तेवढं ओढून काढलं. दुसऱ्या दिवशी ताप, मग दवाखाना. डॉक्टर म्हणाले, अन्न फुप्फुसात गेलंय, कुणी भरवलं?

अंबादास म्हणाला, "ड्यूटीवर सिस्टर होत्या."

खोटं बोलण्यातही हुशारी असते बघा. एक शब्द खोटा नाही आणि सगळं खोटं. फहमिदा उसळली तेव्हा त्यानं तिला बाजूला नेलं. हात जोडले म्हणे. "सिस्टर, आत्याला कळलं तर ती जीव देईल. तिचं काळीज लई हळवं आहे. तुम्हाला काय, दुसरं काम मिळेल."

तुम्हाला काय! हे दोन शब्द मी आमच्या संघटनेत इतक्या बायांच्या तोंडून ऐकलेत की ते ऐकले की माझं डोकं फिरतं. आत्याला काळीज, आणि सिस्टरला काय, लाकडाचा ओंडका?

हात जोडणाऱ्या माणसानं त्याच दिवशी ब्यूरोला फोन केला. ब्यूरो म्हणजे घरोघरी नर्सा पुरवणारा दलाल. त्यानं मोबाइलच्या ग्रुपवर टाकलं, 'फहमिदा शेख, ड्यूटीवर हलगर्जी, पेशंट गंभीर.' नातेवाइकांत सांगितलं गेलं की नर्स बाहेर फोनवर बोलत बसली होती. तात्यासाहेब कसेबसे वाचून घरी आले, पण फहमिदाला कुणी दारात उभं करेना. जुने पेशंटसुद्धा फोन उचलेनात. आमच्या धंद्यात बाईकडं विश्वासाशिवाय काही नसतं. लोक तिच्या हातात आपला बाप देतात. तो विश्वास गेला की पांढरा कोट काय, धुऊन वाळत घालायचा.

गुलमंडीत एका कापडदुकानाच्या माडीवर आमची बैठक असते. तिथं ती आली, कोपऱ्यात बसली आणि हे सगळं सांगितलं. मी म्हणाले, "उद्याच त्या बंगल्यासमोर बसू. चाळीस बाया आणते. पांढरे कोट घालून."

"नक्को, आवडाबाई."

"का? त्या अंबादासची दया येते तुला?"

"त्याची कशाला! आत्याची येते. बुढ्या बाईला जाऊन बोलू का, तुमच्या घासानं भाऊ मरत होता?"

"मग तू मर."

"मरते," ती म्हणाली, आणि वर चहा मागितला.

मी भांडले, ओरडले. खालच्या दुकानदारानं वर येऊन विचारलं, काय झालं म्हणून. त्यालाही दोन ऐकवल्या. पण ज्या बाईवर अन्याय झाला तीच गप्प बसायचं म्हणते, तिथं मी काय करणार? अंबादासनं तिला बरोबर ओळखलं होतं. तिच्या चांगुलपणालाच त्यानं दावं बांधलं.

संक्रांत जवळ आली आणि फहमिदाला चतुराबाईचा फोन आला. फहमिदाला काढल्यावर ब्यूरोनं तिलाच परत त्या घरात पाठवलं होतं. ती म्हणाली, "अगं, करमाडची आत्या येणारे तिळगूळ घेऊन. साहेबांनी आत्ताच सांगून ठेवलंय, की त्या वेळी जरा बाहेर बसा."

फहमिदा माझ्याकडं आली तेव्हा तिच्या पायात चपला उलट्या होत्या. "चला बाई, करमाड."

"आता का गं? आत्याचं काळीज?"

"काळीज गेलं खड्ड्यात! ती पुन्हा भरवंल. तिला माहीतच नाय ना! ह्या टायमाला तात्या वाचणार नाय."

आम्ही जालन्याच्या बसनं करमाडला उतरलो. सरूबाई अंगणात सुपात तीळ पाखडत बसली होती. फहमिदाला बघून सूप तसंच धरलं.

"तू? कोन्या तोंडानं आलीस गं भवाने? भाऊ माझा तडफडला अन् तू फोनवर गुलूगुलू बोलत व्हतीस!"

"बोलायला फोन कुठं होता? पर्समध्ये, अन् पर्स आत घरात, आत्या. अन् मला जिन्यावर बसवलं होतं."

"कोनी?"

"तुमच्या सूनबाईंनी. ओवाळायचं होतं ना."

मी मधे तोंड घातलं. "हे लोक स्वतःचं पाप हिच्या..."

"तू गप गं," सरूबाई मला म्हणाली. "तू कोन? मी हिला इचारते."

मी गप्प बसले. असं मला सहसा कुणी बसवत नाही.

फहमिदानं सांगितलं, आडपडदा न ठेवता. करंजी, खोबरं, गालात काय सापडलं, डॉक्टर काय म्हणाले. सरूबाई सूप हलवत राहिली. तीळ कधीच स्वच्छ झाले होते, तरी हलवत राहिली.

"त्यानं तोंड उघडलं व्हतं, पोरी."

"उघडलं असंल आत्या. त्यांचं मन होतं खायाचं. गिळता नाय येत त्यांना."

"मंग मला कोनी का नाय म्हनलं, की नको देऊ म्हनून? अंबादास तर पुढ्यातच उभा व्हता."

याचं उत्तर माझ्याकडं होतं, पण मला गप्प बसवलेलं होतं.

"लई तरास झाला का गं त्याला?"

मला वाटलं, आता ही म्हणेल, नाही हो आत्या, काही नाही झाला. कुणीही तसंच म्हटलं असतं. फहमिदा म्हणाली, "व्हय. लई झाला."

सरूबाईनं सूप खाली ठेवलं. पदरानं तोंड झाकलं आणि खांदे हलायला लागले. फहमिदा शेजारी बसून राहिली, पाठीवर हात ठेवून. म्हातारीनं पदर काढला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, पण जबडा आवळलेला होता. नातीला हाक मारून तिनं अंबादासला फोन लावायला सांगितला.

"अंबादास, मी काय दूधपिती हाय व्हय रं? ... नाय, तू आईक. माझं काळीज सांभाळत व्हतास म्हनं. आरं, रडले असते चार दिवस अन् उठले असते. तू तर मला भावाचा जीव घ्यायला लावत व्हतास! संक्रातीला म्या पुन्हा त्याच्या तोंडात लाडू घातला असता. तवा बी ह्या पोरीवरच ढकलायचं ठरलं व्हतं का? ... हं? ... मंग बोल की!"

"संक्रातीला मी येते," ती म्हणाली. "पर ही पोर आसंल तरच येते." आणि फोन नातीच्या हातात आपटला.

त्या संध्याकाळी ब्यूरोच्या ग्रुपवर एक ओळ आली: 'फहमिदा शेख यांच्याबाबत गैरसमज झाला होता.' कुणाचा गैरसमज? कुणी करून दिला? हलगर्जी लिहिताना नाव टाकता येतं, मग अंबादासचं नाव लिहिताना बोटं का मोडतात? मी ब्यूरोवाल्याला फोन करून हेच विचारलं. "मॅडम, विषय संपवा," म्हणाला. संपवायचा अधिकार तुला कुणी दिला रे?

संक्रांतीला आम्ही सरूबाईबरोबर त्या बंगल्यात गेलो. हळदीकुंकवाला बाया येत होत्या. सरूबाई दाराजवळच्या खुर्चीत बसली आणि येणाऱ्या प्रत्येकीला तिळगूळ द्यायच्या आधी सांगू लागली, "तात्याला करंजी मी भरवली व्हती. ही पोर बाहेर व्हती, हिला बाहेर काढलं व्हतं. नीट आईकलं का? घे, आता गोड बोल." बायांना हसावं की कसनुसं व्हावं कळेना. सूनबाई वाणाची ताटं उगाच इकडून तिकडं हलवत होत्या. अंबादास कचेरीत गेला होता. रविवार असताना.

मग ती आत भावाकडं गेली. तिळाची वडी तिनं तात्यासाहेबांच्या डाव्या मुठीत ठेवली आणि त्यांची बोटं आपल्या बोटांनी मिटवली. त्यांनी मूठ तोंडाकडं न्यायचा प्रयत्न केला. फहमिदानं हलकेच मनगट धरलं. तात्यासाहेबांनी सवयीनं तिच्या ओढणीला हिसका दिला. वडी ओढणीला चिकटली. सरूबाई रडता रडता हसली.

परदेशातला नातू फोनवर होता. सूनबाईंनी फोन वर धरला, बघितलं आणि तोंडातून आपोआप निघालं, "सिस्टर, तुम्ही जरा..."

फहमिदानं तात्यासाहेबांचं मनगट सोडलं नाही. मान वर करून सरळ त्या फोनकडं बघितलं.

"काढा फोटो," ती म्हणाली. "मी हितंच आहे."