फेटिडाची पाटी

सिंदेवाहीच्या चौकात जंगली बदामाखाली एक बाई चहा विकायची. कप विसळलेलं पाणी ती त्याच झाडाच्या बुंध्याशी ओतायची. मी खोडाला शास्त्रीय नावाची पाटी बांधली, तेव्हा गाळणी हातात धरूनच तिनं विचारलं, "काय लिवलं, भाऊ?"

मी ऐटीत म्हणालो, "स्टेरक्युलिया फेटिडा. लॅटिनमध्ये फेटिडा म्हणजे घाण वासाची."

बाकावरच्या एकानं नाक दाबलं आणि तिच्या किटलीकडं बघून हसला.

"फुलं चार दिवस वास मारते," ती म्हणाली, "पन झाड सालभर सावली देते ना! तुमाले नाव द्याचं होतं, भाऊ. तुमी तं नावं ठेवून राह्यले."

मग तिनं कप विसळून माझ्यापुढं चहा धरला. मला मान वर करवेना. समोर ती होती, आणि तिच्या डोक्यावर माझी पाटी.