कापसात नसलेली पत्ती

दिवाळीनंतरचा दुसरा रविवार, दुपारी बारा. ठिकाण: अकोला, जुने शहर, दादांच्या घरातली मधली खोली. हजर: दादा, म्हणजे माझे मोठे आतेभाऊ, वय सहासष्ट, चष्मा उणे अठरा, वहिनी, चष्मा नाही, वहिनींचे धाकटे भाऊ, शेतकरी, सोबत कापसाचा नमुना, आणि राहिलेली भाऊबीज करायला अमरावतीहून आलेली मी, वय त्रेपन्न, चष्मा उणे तेरा. गैरहजर: कोणी नाही. त्या दिवशी पणाला काय लागलं होतं तेही आत्ताच लिहून टाकते, कारण गोष्ट ताणून धरणं मला जमत नाही: दादांचा उजवा डोळा.

आख्ख्या वऱ्हाडात दादांइतकं कमी दिसणारा माणूस शोधून सापडणार नाही, आणि स्वतःच्या नजरेचा दादांइतका गर्व असलेला तर नाहीच नाही. रस्त्यावर त्यांना माणसं दिसत नाहीत, माणसांच्या आकाराचे धब्बे दिसतात. चष्मा लावूनसुद्धा फार फरक पडत नाही. धब्ब्यांना फक्त कडा येतात. पण ओळखीचा कोणी नमस्काराविना जाऊ नये म्हणून ते घराबाहेर पडले की समोरून येणाऱ्या प्रत्येकाला हात वर करतात. याचा परिणाम असा की दादा चौकात उभे राहिले की तीन ऑटो थांबतात. जुने ऑटोवाले आता थांबत नाहीत, उलट हात करून जातात. नवा कोणी थांबलाच तर दादा त्याला घरच्यांची खुशाली विचारतात. माणसं ते चालण्यावरून ओळखतात, खोकल्यावरून ओळखतात, स्कूटरच्या आवाजावरून ओळखतात. मी एकदा न सांगता गेले, तर फाटकाशीच म्हणाले, "ये वं बाई. पाय आपटत चालणारी आपल्या खानदानात तू एकटीच."

हसायला मला तोंड नाही. हा नंबर आमच्या घराण्यात दागिन्यांसारखा वाटला गेला आहे आणि माझ्या वाट्यालाही भरपूर आला. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे आणि माझं आयुष्य याद्यांवर चालतं. चष्मा रात्री कुठे ठेवायचा, जादाचा कुठे, प्रवासातला कुठे, याची यादी मी फ्रीजवर चिकटवली आहे. सकाळी चष्मा सापडला नाही की फ्रीज चाचपडत शोधावा लागतो, एवढीच तिच्यात अडचण. एकदा चष्म्याशिवाय अंगणात गेले आणि दोरीवर वाळणाऱ्या काळ्या शालीला "या, बसा, आलेच" म्हणून चहा टाकला. तेव्हा दादांविषयी मी जे काही लिहीन, त्यातून पाच नंबर वजा करून ते मला लावावं.

मात्र दादांनी आपल्या उणे अठराचं जे केलं ते मला जमलं नाही. त्यांनी त्याच्यावर चाळीस वर्षं नोकरी केली. ते जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची प्रतवारी करत. प्रतवारी म्हणजे मूठभर कापूस घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, तंतू सरळ करायचे, त्यांची लांबी पाहायची, आणि वाळक्या पानांचा चुरा, ज्याला पत्ती म्हणतात, तो किती आहे ते सांगायचं. इतर लोक हे हात लांब धरून, उजेडाकडे तोंड करून करतात. दादा चष्मा कपाळावर सरकवत आणि कापूस नाकापासून दोन बोटांवर आणत. इतक्या जवळ तुम्हाआम्हाला सगळं धूसर दिसतं. म्हणजे तुम्हाला, मला थोडं कमी धूसर. दादांना तिथे एकेक तंतू दोरखंडासारखा दिसे. बाहेरगावचा एक व्यापारी त्यांना तसं करताना पाहून म्हणाला होता, "साहेब, वास घेता का?" दादा मान वर न करता म्हणाले, "पाहून राह्यलो. वास तर तुमच्या बोलण्याले येऊन राह्यला." त्या व्यापाऱ्याच्या गाठोड्यात खाली जुना कापूस निघाला. निवृत्तीनंतरही शेतकरी बाजारात जाण्याआधी नमुना घेऊन दादांच्या ओट्यावर येतात. दादांनी चांगला म्हटला की त्याच्यावर कोणी वाद घालत नाही.

त्यामुळे डोळे तपासायचा विषय निघाला की दादांना तो अपमान वाटे. "डागतर मले तीन मीटरवरची अक्षरं वाचायले लावते. तीन मीटरवर कापूस असते का?" मी त्यांना दरवर्षी कळवत असे की प्रश्न अक्षरांचा नाही. इतका मोठा नंबर म्हणजे डोळा आतून लांबट झालेला असतो, आतला पडदा ताणून पातळ होतो, कडेला फाटू शकतो. म्हणून बाहुली मोठी करणारं औषध घालून वर्षातून एकदा पडदा पाहून घ्यायचा, नंबर वाढलेला असो वा नसो. डोळ्यातला दाबही त्याच वेळी पाहतात. डोळे चोळायचे नाहीत. आणि अचानक काजवे चमकले, नवे काळे ठिपके दिसले किंवा कडेने पडदा ओढल्यासारखी सावली आली, तर त्याच दिवशी डॉक्टर, दुसऱ्या दिवशी नाही. हे सगळं मोठ्या अक्षरांत लिहून मी त्यांना पाठवत असे. वहिनी तो कागद देव्हाऱ्याजवळ ठेवत. दादांची उत्तरं ऋतूप्रमाणे येत: हिवाळ्यात हंगाम, उन्हाळ्यात डोळ्यांत औषध घालून उन्हात कोण फिरणार, पावसाळ्यात रस्ते.

तर त्या रविवारी मी दादांना पाटावर बसवलं आणि ओवाळायला लागले. दादा म्हणाले, "वात चांगली कर वं. ठिणग्या उडून राह्यल्या."

वात शांत जळत होती. मी तसं म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "सकाळपासून हेच चालू आहे बाई. देवापुढच्या दिव्यालेबी हेच म्हणत होते."

आणि मी काय केलं? याद्या करणारी, कागद पाठवणारी मी वात सारखी केली, तेल घातलं, आणि पुन्हा ओवाळलं. धोक्याच्या खुणांची ओळ मी स्वतः लिहिली होती. पण कागदावर "काजवे" होते आणि इथे समोर "ठिणग्या" होत्या, तर माझ्या डोक्यात काही जुळलं नाही.

ओवाळून झाल्यावर वहिनींच्या भावाने नमुना पुढे केला. दादांनी चष्मा वर केला, कापूस नाकाशी धरला, आणि तोंड वाकडं केलं.

"पाव्हणे, पत्ती आहे यात."

"कुठी पत्ती भाऊजी? बर्फावानी कापूस आहे. मी सोता वेचला."

"मले नका शिकवू. हे काय, हे. काळी पत्ती. एक नाई, चार-पाच आहेत."

दादा नखाने पत्ती काढायला गेले. पत्ती निसटली. ते बोट डावीकडे नेत, ती डावीकडे जाई. ते थांबत, ती हळूच खाली उतरे. चाळीस वर्षांत दादांच्या नखातून पत्ती सुटलेली कोणी पाहिली नव्हती. "मोठी बदमाश आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी दुसरी मूठ घेतली. तिच्यातही तीच पत्ती, त्याच जागी. वहिनींचे भाऊ आता रागावले होते. "भाऊजी, माल खराब ठरवायचा असन तर सरळ सांगा ना, नाटक कावून करून राह्यले?"

मी कापूस हातात घेतला, माझाही चष्मा वर केला, आणि नाकाशी धरला. स्वच्छ पांढरा. पत्तीचा कणही नाही. तेव्हा कुठे मला माझ्याच कागदावरचे काजवे आणि काळे ठिपके आठवले.

"दादा, तिकडं भिंतीकडे पाहा. पांढऱ्या भिंतीकडे."

"कावून?"

"पाहा ना. आता डावा डोळा झाका. पत्ती दिसते का?"

दादांनी तळहाताने डावा डोळा झाकला. मग हळू आवाजात म्हणाले, "भिंतीवरबी आहे." आणि थोड्या वेळाने, "खालून नाकाकडच्या बाजूनं थोडं काळंबी आहे वं. मले वाटलं मिशी वाढली."

रविवार असल्यामुळे जवळपास पडद्याचे डॉक्टर मिळेनात. अमरावतीच्या एका डॉक्टर बाईंचा नंबर माझ्याकडे होता, फोन केल्यावर त्या म्हणाल्या, "लगेच निघा, जेवण देऊ नका, वाकू देऊ नका." वहिनींच्या भावाने तो कापूस तिथेच टाकला आणि गाडी काढली. घडीभरापूर्वी नाटक म्हणणारा तो माणूस मूर्तिजापूरपर्यंत डोळे फाडून खड्डे शोधत होता. प्रत्येक खड्ड्याआधी गाडी इतकी हळू करी की मागचे ट्रक भोंगे वाजवून शिव्या देत. दादा पुढे ताठ बसले होते आणि भोंगा वाजला की सवयीने हात वर करत होते. बडनेरा आल्यावर त्यांनी विचारलं, "पाव्हणे, खरंच पत्ती नव्हती का?" "नव्हती भाऊजी." "मग एक नंबर माल आहे तुमचा," दादा म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

दवाखान्यात दादांच्या डोळ्यांत औषध घालता घालता डॉक्टर बाईंनी माझ्या चष्म्याकडे पाहिलं. "तुमचा नंबर?" मी अभिमानाने सांगितला. "पडदा कधी तपासला?" मी पिशवीतून वही काढली. "डोळे तपासणी" या रकान्यात सहा वर्षं ओळीने बरोबरच्या खुणा होत्या. त्यांनी विचारलं, कुठे? मी चष्म्याच्या दुकानाचं नाव सांगितलं. त्या हसल्या नाहीत, हसल्या असत्या तर बरं झालं असतं. "तो नंबर झाला, ताई. मी पडद्याचं विचारते आहे." सहा वर्षं मी सगळ्या खानदानाला पडदा पाहायला सांगत होते आणि स्वतः काचा पाहून घेत होते. त्यांनी मला दादांच्या शेजारी बसवलं आणि माझ्याही डोळ्यांत औषध घातलं. पुढचा पाऊण तास आम्ही दोघं बाकावर डोळे मिटून बसलो, मध्ये वहिनींचे भाऊ, दोघांचा एकेक हात धरून. दादा म्हणाले, "पाव्हणे, दोन आंधळे सांभाळून राह्यले तुमी. तिकीट लावा."

माझ्या उजव्या पडद्याच्या कडेला दोन बारीक छिद्रं निघाली. लेझरने दहा मिनिटांत भोवती कुंपण घातलं. दादांचा पडदा वरून फाटून सुटायला लागला होता, पण मधोमध अजून चिकटलेला होता. दुसऱ्या सकाळी शस्त्रक्रिया झाली. पडदा जागेवर दाबून धरायला डोळ्यात तेल भरलं आणि काही दिवस पालथं झोपायला सांगितलं. माझ्या घरी ते पालथे पडून राहिले, नाक चादरीत. तिसऱ्या दिवशी मला हाक मारून म्हणाले, "ही चादर सुती म्हणून घेतली का तू? मिसळ आहे हिच्यात." चादरीच्या कोपऱ्यावरची चिठ्ठी मी नंतर गुपचूप वाचली. मिसळ होती.

डोळा वाचला. पण पहिल्यासारखा झाला नाही. सरळ तंतू त्यांना आता थोडा वाकडा दिसतो. या हंगामात कोणी नमुना आणला की दादा डाव्या डोळ्याने पाहतात आणि मी तिथे असले तर कापूस माझ्या हातात देतात. "सांग, किती लांब?" मी चष्मा वर करते आणि चुकीचं सांगते. ते बोटाने चाचपून बरोबर सांगतात आणि म्हणतात, "तेरा नंबरात एवढंच व्हते."

आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तेल काढताना उजव्याची शस्त्रक्रिया करायची, डाव्याची मागाहून. डॉक्टर बाईंनी समजावून सांगितलं की आत जे भिंग बसवतील ते दोन तऱ्हेचं बसवता येईल. लांबचं घेतलं तर जाड चष्म्याशिवाय रस्ता दिसेल, समोरून येणाऱ्याचा चेहरा दिसेल. जवळचं घेतलं तर वीतभर अंतरावरचं दिसेल. दोन बोटांवरचं मात्र कशानेच परत मिळणार नाही. मी एका कागदावर दोन्हींचे फायदे-तोटे लिहिले. लांबच्या बाजूला अकरा मुद्दे झाले, जवळच्या बाजूला एक: कापूस.

दादांनी कागद नाकाशी धरून वाचला आणि वहिनींना विचारलं, "काय घेऊ? लांबचं घेतलं तर तू सैपाकघरात असली तरी दिसशील मले अथून. लगन झाल्यापासून तुले लांबून पाह्यलंच नाई."

वहिनी भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "आता लांबून पाहून काय करता? चाळीस वरसं जवळ येऊनच पाह्यलं ना, मले काही कमी पडलं नाई." आणि मग मान खाली घालून, "पण रस्त्यानं एकटे जाता, जीव टांगून राह्यते माया."

दादांनी कागद घडी करून माझ्याकडे दिला. दवाखान्याचा छापील अर्ज मी पूर्ण भरला आहे: नाव, वय, साखर, रक्तदाब, सोबत कोण. "जवळ" आणि "लांब" यांच्यापुढे एकेक चौकोन आहे. पेन दोनदा हातात घेतलं. दोन्ही चौकोन अजून कोरे आहेत.