पहिला नंबर जोशीकाकांचा

शोरूममध्ये विकायला गाड्या नसल्या की किस्से साठतात. कोव्हिडच्या काळात मी मेलबर्नमधल्या एका शोरूमला सेल्स अ‍ॅडमिन होते, आणि आमच्याकडे स्टॉक होता तो किश्शांचाच.

त्या वर्षी एक नवी स्पोर्ट्स कार येणार होती. नुसते फोटो बघून लोक वेडे झालेले. आमच्या वाट्याला आली एक, आणि वेटिंग लिस्टवर नावं चार. पहिला नंबर ग्लेन वेव्हर्लीच्या जोशीकाकांचा. मूळचे पुण्याचे, आयटीतले. मुलं युनिव्हर्सिटीत गेली, आता एक गाडी स्वतःसाठी, असं म्हणून त्यांनी भाव चढायच्या आधीच बुकिंग केलेलं. म्हणजे जुन्या किमतीत. बाकी तिघांना माझा बॉस ग्रेग त्या किमतीवर भरघोस ‘मार्केट अ‍ॅडजस्टमेंट’ लावणार होता. करारात एक कलम होतं : गाडी आल्यापासून सात दिवसांत नेली नाही, तर ती पुढच्या नंबरला. ग्रेग त्या कलमावर डोळे लावून बसला होता.

*

तीन नंबरच्या शर्माजींच्या कोटेशनमध्ये ग्रेगने न विचारताच पेंट प्रोटेक्शन, म्हणजे रंगावरच्या संरक्षक थराचा जादा खर्च, घातलं. शर्माजींचा फोन आला, गाडी कुठवर आली? मी म्हटलं, अजून बोटीवर आहे. मग हे पेंट प्रोटेक्शन झालं का, त्यांनी विचारलं. मी गडबडले आणि समोरच्या कागदावर होतं ते वाचलं, “झालंय.”

मग अगदी अदबीने प्रश्न आला, “बेटा, बोट पे किसने किया?”

*

चार नंबरवर एक डेंटिस्ट बाई होत्या. नंबर वर सरकावा म्हणून त्यांनी घरी केलेला केक पाठवला. ग्रेगने दोन दिवस तो पुरवून पुरवून खाल्ला आणि मला उत्तर लिहायला सांगितलं : केक उत्तम होता, नंबर चारच आहे.

*

गाडी आली. पिवळीधमक. लॉकडाउनमुळे घरापासून दहा किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी, त्यामुळे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पॉइंट कुकला राहणाऱ्या शहाभाईंना, म्हणजे दोन नंबरला, ती व्हिडिओ कॉलवरच बघायची होती. इंजिन चालू करा म्हणाले. मी बटण दाबलं आणि त्या आवाजाने माझ्या हातातला फोन मागच्या सीटवर उडाला. खालून शहाभाईंचा हळवा आवाज आला, “प्लीज, एक बार और.” त्यामागून त्यांच्या बायकोचा, “यही वो फॅमिली कार है?”

*

जोशीकाकांना मी लगेच फोन केला. पण ते लगेच न्यायला तयार नव्हते. कारण त्याच दिवशी पितृपक्ष लागला होता.

“अगं, मी नाही गं पाळत हे,” काका म्हणाले. “पण पुण्याला आई आहे. दीड वर्षात तिला भेटलो नाहीये. आता फोनवर तिच्याशी वाद घालू का?”

मी ग्रेगला समजावलं. पंधरवडा पूर्वजांचा असतो, त्यात आम्ही नवीन काही घेत नाही. त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, “पण मेट, ते वारलेत ना? त्यांना कळणार कसं?”

“ग्रेग,” मी म्हटलं, “कळतं, हाच तर प्रॉब्लेम आहे.”

*

आठव्या दिवशी सकाळी ग्रेग शीळ घालत आला आणि त्याने स्वतः शहाभाईंना फोन लावला. शहाभाई म्हणाले, गाडी हवीच आहे, वर काय लावायचं ते लावा, पण श्राद्धाचे दिवस संपू देत. त्याने शर्माजींना लावला. तेच उत्तर. शीळ बंद झाली. शेवटी डेंटिस्ट बाई. त्यांनी तोवर घोडा विकत घेतला होता. त्याला वेटिंग नव्हतं.

ग्रेगने फोन ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, की जणू हे सगळं मीच घडवून आणलंय.

मी कराराचा कागद काढला. त्या कलमाची दुसरी ओळ मी मोठ्याने वाचली : पुढच्या सात दिवसांत यादीतल्या दुसऱ्या कुणी सही केली नाही, तर गाडी पुन्हा पहिल्या नंबरची, ठरलेल्या किमतीत.

“हे कुणी लिहिलं?” त्याने विचारलं.

“तूच. मी फक्त टाइप केलं.”

ते सात दिवस ग्रेगने रोज दोघांना फोन केले. दोघांनी रोज नम्रपणे नाही म्हटलं.

*

घटस्थापनेच्या सकाळी काका मास्क लावून हजर. व्हिडिओ कॉलवर आई. त्यांनी आईला गाडी चारही बाजूंनी दाखवली, बॉनेटवर कुंकवाचं बोट टेकवलं. आई म्हणाली, रंग छान आहे, जपून चालव. मास्कच्या वर काकांचे डोळे भरून आलेले. ग्रेगलाही बहुतेक काहीतरी झालं असावं. किल्ली त्याने दोन्ही हातांनी पुढे केली.

काकांनी किल्ली खिशात टाकली. डोळे पुसले. गाडीभोवती आणखी एक चक्कर मारली आणि स्वच्छ इंग्रजीत ग्रेगला विचारलं,

“पंधरा दिवस इथेच उभी होती ना? म्हणजे हा आता जुना स्टॉक. डिस्काउंट किती देताय?”