चांगुलपणाची फट

मुलुंडला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा तो जादूच्या दुनियेतल्या कादंबऱ्यांचा वेडा. दर वाक्याला अडखळायचा. लिफ्टमध्ये मला गाठून म्हणायचा, "अरे, ती दुष्ट शक्ती नायकाला वा... वाईट काम सांगतच नाही ना! त्याच्या चांगुलपणाच्या फटीतूनच आत शिरते. म्हणून त्याला कळत नाही, यार."

परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये तळमजल्यावरच्या एकट्या आजींचा विषय निघाला. त्या गॅस चालू ठेवून विसरायच्या. त्यांना वृद्धाश्रमात पाठवा, असं म्हणायला कुणी धजत नव्हतं. तेव्हा तो उभा राहिला. सोसायटीतल्या पोराबाळांची काळजी, वृद्धाश्रमातच आजींचं भलं, सगळं इतक्या गोड शब्दांत सांगू लागला, की लोक माना डोलवायला लागले. एकदाही अडखळला नाही. आजी हात जोडून रडत होत्या. त्यांच्याकडे लक्ष जाताच तो मध्येच थांबला.

"न... नको. इथेच राहू देत त्या. गॅसकडे मी बघेन," म्हणाला आणि मटकन बसला.

वर जाताना मी म्हटलं, "काय झकास बोलत होतास रे!"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी नव्हतो बो... बोलत," तो म्हणाला. "मीपण तुमच्यासारखा ऐकत होतो."