लाईक, पण सेम न्हाई

वसमतला आमच्या घरामागं इंग्रजी शाळा निघाली, तेव्हा पेंटरने तिच्या भिंतीवर हत्ती काढला होता. तो इतका म्हशीवर गेला होता, की संध्याकाळी गुराखी त्यालाही हाकलून बघत. एकाने तर धार काढायला चरवी आणली होती, पण ते जाऊ द्या.

त्याच शाळेत पुतणीला घालायचं वहिनीने मनावर घेतलं. दादाचा विरोध नव्हता, हिंमत नव्हती. कारण तिथं लेकराआधी आईची मुलाखत व्हायची, तीही इंग्रजीतून. वहिनी सेनगावकडची, सातवीपर्यंत शिकलेली. बँकेत सही करायची वेळ आली तरी दादाच्या पाठीमागं लपायची. आई अडखळली की लेकराचं नाव कटलं, असं सगळी गल्ली सांगून राहिली होती.

घरात इंग्रजीचा माणूस मी एकटा. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेलो. मी इंग्रजी बोलायला लागलो की स्टँडवरच्या एसट्या आपोआप रिव्हर्स यायच्या, असं मित्र म्हणत. मी ते कधी खोडून काढलं नाही.

शेजारणीने आतली खबर आणली: मॅडम दोन चित्रं दाखवतात आणि दोन्हींत काय सारखं आहे ते विचारतात. झालं! त्याच दिवशी मी चुलीपाशी शिकवणी मांडली.

"हे बघा वहिनी, केसाचाही फरक नसला तरच सेम. बराच मेळ बसला तर सिमिलर. आणि एखादा गुण तिकडचा दिसला, तर लाईक."

"मंग भावजी, या दोन भाकरी?"

"सिमिलर. एकीची कड फाटलीय."

"अन् तुमी अन् तुमचे दादा?"

"सिमिलर."

"न्हाई. नाक तेवढं लाईक हाय. तुमचे दादा कामं करतात."

वहिनीला तो नादच लागला. भिंतीवरच्या दोन पाली सेम की सिमिलर, यावर एक अख्खी दुपार गेली. शेवटी कंटाळून पालीच निघून गेल्या. मग एका सकाळी आई तूर निवडत बसली असताना वहिनी मोठ्या प्रेमाने तिला म्हणाली, "आत्याबाई, यू आर लाईक माय मदर."

आईच्या हातातलं सूप थांबलं. "काय म्हणली रं ही?"

"तू तिच्या आईसारखी हायस म्हणते."

"सारखी? म्हंजे आई न्हाई, असंच ना?"

मी वहिनीकडे पाहिलं. वहिनीने मान खाली घातली आणि पुटपुटली, "नियम तसाच हाय, आत्याबाई."

आईने अबोला धरला. मीठ हवं असलं तरी माझ्यामार्फत मागायची. घरात मी पहिल्यांदाच दुभाष्याचं काम केलं, तेही मराठीतून मराठीत.

मुलाखतीच्या दिवशी ऐनवेळी दादाचं पोट दुखायला लागलं, म्हणून सोबत मी गेलो. मॅडम हैदराबादकडच्या. इंग्रजी नाहीतर हिंदी, तिसरी भाषा नाही. चित्रं टेबलावर पालथी पडली होती. त्यांनी ती उचललीच नाहीत. त्यांनी पुतणीला नाव विचारलं. पोरगी वहिनीच्या पदरात तोंड खुपसून बसली. पुन्हा विचारलं. पदर आणखी ओढला.

"इज शी ऑल्वेज सो शाय?" मॅडम वहिनीला म्हणाल्या.

लाजण्याचा शब्द मी शिकवलाच नव्हता! पण मॅडमची नजर पदराकडे होती, आणि ती नजर वहिनीला शब्दाशिवाय कळली. तिने पोरीवरचा पदर सावरला. एवढा वेळ सावरला, की तेवढ्यात बाहेर सोयाबीन पेरून काढून झालं असतं. मी तोंड उघडणार, एवढ्यात ती बोलली.

"मॅडम, शी इज लाईक मी." मग पदरातल्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "आय डोन्ट वॉन्ट सेम."

मॅडम हसल्या नाहीत. चष्मा काढून त्यांनी वहिनीकडे नीट पाहिलं, आणि कोपऱ्यात उभ्या शिपायाला म्हणाल्या, "बच्ची को उसकी क्लास दिखाओ." वहिनीने हात जोडले. मी बी.ए. माणूस, पण मला थँक्यूच्या पुढं सरकता आलं नाही.

घरी येऊन मी सगळं रंगवून सांगितलं. म्हणजे मी पण मधे थोडं इंग्रजी बोललो, असं घातलं. आईने फक्त वहिनीचं वाक्य पुन्हा सांगायला लावलं. ऐकून उठली, नातीच्या हातावर साखर ठेवली, मग वहिनीच्याही. संध्याकाळी ओट्यावर शेजारणीला सांगत होती, "सून लेकीसारखी बिकीसारखी न्हाई बाई. सेम लेक हाय."

वहिनी मात्र नियमाला पक्की. पुढं कितीतरी वर्षांनी, आईच्या डोक्याला तेल चोळत बसली असताना आईने तिला डिवचलंच, "मला सेम कवा म्हणशील गं?"

"अजून केसाचा फरक हाय, आत्याबाई," वहिनी म्हणाली, आणि तिने तेलाची वाटी पुन्हा जवळ ओढली.