विमानाला किती वेळ लागतो?

पोस्टाच्या खिडकीत बसणाऱ्याला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. तिकीट घ्यायला आलेली माणसंच ते ठेवून जातात! मी लोणावळ्याच्या पोस्टात कारकून होतो, तेव्हा विमानाची डाक नवी नवी सुरू झालेली. जो तो एकच विचारायचा, "विलायत किती लांब हो?"

*

आमचे पोस्टमास्तर वैद्य उगाच ठोकून द्यायचे नाहीत. विमान कराचीहून सुटायचं, म्हणून भिंतीवरच्या नकाशाला दोरा लावायचे आणि कराची ते लंडन मोजून दाखवायचे. एकदा शाळेतले पाठक मास्तर पृथ्वीचा गोल काखेत मारून आले. गोलावर दोरा ताणला, तर तो विमानाचे बसरा, कैरो हे थांबे सोडून थेट रशियावरून गेला. आणि तोच रस्ता जवळचा निघाला! वैद्यसाहेबांना काही चैन पडेना. पुन्हा पुन्हा दोरा ताणून बघितला.

"मग विमान असा वळसा घालून का जातं?"

पाठक म्हणाले, "पेट्रोल घ्यायला! घाट चढून आलेली मेल लोणावळ्याला थांबते, ती काय हवा खायला?"

*

बाजारात उस्मानभाईंचं बांगड्यांचं दुकान. त्यांचा धाकटा भाऊ लंडनच्या गोदीत कामाला. घरी अम्मी तापानं फणफणली, तेव्हा उस्मानभाईंनी भावाला साधं पत्र टाकलं. ते गेलं बोटीनं. आठवड्यानं अम्मी उठून भाकरी खायला लागली. त्या आनंदात त्यांनी दुसरं पत्र टाकलं, "अम्मी ठणठणीत." ते गेलं विमानानं. अर्थात, तेच आधी पोचलं! मागाहून बोटीचं पत्र भावाच्या हाती पडलं. तारीख कोण बघतो? त्याची घाबरीघुबरी तार आली.

उस्मानभाई ती तार नाचवत खिडकीशी आले. "साहेब, कमाल झाली! विलायतेत आमची अम्मी आधी बरी झाली आणि मग आजारी पडली!"

*

पुढे लढाई सुरू झाली. एके दिवशी बेडसे गावच्या गऊमावशी चालत आल्या. त्यांचा दगडू पलटणीत, बसऱ्याला. त्याला पत्र लिहून हवं होतं. मी दौत पुढे ओढली, तोच त्यांनी वैद्यसाहेबांना विचारलं, "सायेब, इमानानं निघाला तर माजा दगडू किती येळात यील?"

"पहाटे बसऱ्याहून उडालं, तर दिवेलागणीला कराची."

"कराची म्हंजी आपलंच की?"

"हो, आपलंच."

"म्हंजी येका दिसाची वाट?" मावशींचा चेहरा एकदम खुलला. "मंग लय लांब न्हाई! माजं म्हायेर नवलाख उंबऱ्याला. चालत तितं जायालाबी येकच दीस लागतो."

मलाही बरं वाटलं. टाक बुडवता बुडवता मी सहज विचारलं, "मग मावशी, माहेरी कधी गेला होता?"

मावशींनी जरा आठवून बघितलं.

"बा गेला तवा. अकरा वर्सं झाली."