दातांतला दोरा

कल्पना करा, खुर्चीत एक बाई मान मागे टाकून, डोळे मिटून बसलीय आणि तिच्या भुवया तुम्हाला दोऱ्याने कोरायच्या आहेत. दोऱ्याचं एक टोक दातांत, पीळ बोटांत. जबडा जरा हलला की भुवईला टक्कल.

मावशीच्या पार्लरमध्ये काडीचा, म्हणजे तिच्या किडकिडीत भाचीचा, यात हातखंडा होता. मग तिची झोप उडाली. आरशातली माणसं पाळत ठेवतात, असं ती म्हणू लागली. आणि एका दुपारी, गिऱ्हाइकावर वाकलेली असताना, तिचं तोंडच तिचं ऐकेना. ओठ मुडपायचे, जबडा चघळल्यासारखा हलायचा, जीभ बाहेर यायची.

"वेडावून दाखवतेस?" म्हणत मावशीने चारचौघींत तिच्या थोबाडीत मारली.

डॉक्टरने आईला विचारलं, "कुठं प्रेमप्रकरण बिनसलंय का?" आणि पोरगी नाटक करते, असं ठरवून मोकळा झाला. मनोरुग्णांच्या वॉर्डात तिचे हात पलंगाला बांधले. तिथल्या आयाने तिच्या तोंडाची नक्कल केली, बाकीच्या फिदीफिदी हसल्या. पुढे झटके आले, तेव्हा कुठे दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं. रोगाशी लढणारी शरीराची यंत्रणा तिच्याच मेंदूवर उलटली होती. मेंदूला सूज होती. उपचार बदलले आणि काडी हळूहळू माणसांत आली.

यातलं तिला काहीच आठवत नाही. आई सांगते, तेवढंच तिला ठाऊक. "आणि मनाचा आजार असता," ती विचारते, "तर हसलेलं चाललं असतं?"

मावशीने तिला आता टॉवेल धुवायला ठेवलंय. दोऱ्याला हात लावायचा नाही. काडीने स्वतःच्या पोटरीवर सराव केला आणि एका सकाळी, पार्लर उघडायच्या आधी, म्हणाली, "मावशी, बस. तुझ्याच करते."

"जपून गं. आधीच नवरा बघत नाही माझ्याकडे."

मावशी बसली. ज्या बाजूचं काम चालू तो डोळा मिटायची. दुसरा मात्र काडीच्या तोंडावर रोखलेला. त्या नजरेची काडीला किळस आली. तरी जबडा हलला नाही.

मावशीने आरशात दोन्ही भुवया निरखल्या. "सुरेख झाल्यात. पण गिऱ्हाइकांसमोर नको हं. बायका बिचकतात."

काडीने दातांतला दोरा डब्यात थुंकला.

"मग मावशी, आणखी काय केलं म्हणजे मी बरी झाले?"